साल सुटते तेव्हा



मुलांनो, तुमच्या शाळेच्या प्रदर्शनात बांबूची घरं पाहिली, म्हणून आज लाकडाबद्दलच बोलतो.

माझं बालपण मुरबाड तालुक्यातलं. घरासाठी वासे आणले की ते सोलायला सगळं घर अंगणात बसायचं. आजोबा वाकस चालवत, आई कोयत्याने सालीचं टोक उचलून देई आणि आम्ही मुलं ते हाताने ओढत जायचो. आजोबांचा एकच आग्रह असे: लाकूड ओलं आहे तोवर सोला. त्याचं कारण मला पुढे कॉलेजात कळलं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो. तो रसरशीत असताना साल लांबच्या लांब निघते, सुकला की घट्ट बसते. शिवाय साल तशीच राहिली तर खाली ओल धरते आणि भुंग्यांच्या अळ्या लाकूड पोखरतात. आजोबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांना हे सगळं ठाऊक होतं.

उभ्या झाडाची साल मात्र कधीही ओढू नका. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं, तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड वाळतं.

लाकडाशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. आपल्या कल्याण बंदरातून लाकूड परदेशी जात होतं, असं सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. याच मुलखातले कातकरी आदिवासी खैरापासून कात करत. खैराची साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड काढून टाकायचं, आतला लाल गाभा तासून उकळायचा आणि तो काढा आटवायचा. मुलं हे आईबापांजवळ बसून शिकत. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, १८७८चा वनकायदा आला आणि हा धंदा कातकऱ्यांच्या हातून सुटत गेला. आज त्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर राहायला येतात, आपल्या कल्याण-भिवंडीकडेसुद्धा. सोबत तुमच्याच वयाची मुलं असतात आणि अनेकांची शाळा मध्येच सुटते. ज्यांच्या घरात झाडांचं इतकं ज्ञान होतं त्यांच्या मुलांनी विटा वाहाव्यात, हा अन्याय आहे असं मी मानतो.

म्हणून दोन गोष्टी मागतो. या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या हातचं एक तरी काम शिकून घ्या. आणि वीटभट्टीवरचं एखादं मूल तुमच्या वर्गात आलं, तर त्याला आपल्या बाकावर जागा द्या, त्याच्या रानातल्या झाडांबद्दल त्याला विचारा.