भागीदारी कोणाची, भार कोणावर?

(वर्धा येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

माध्यमिक शिक्षणात शासन आणि खाजगी संस्था यांची भागीदारी असावी, असे आज एखादा नवा शोध लागल्याच्या थाटात सांगितले जाते. महाराष्ट्राला ही भागीदारी नवी नाही. जागा व इमारत संस्थेची आणि शिक्षकांचे वेतन शासनाच्या अनुदानातून, या पायावरच येथील खेड्यापाड्यांत हायस्कुले उभी राहिली. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली याच वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, तीदेखील मारवाडी विद्यालयात, म्हणजे नंतरच्या नवभारत विद्यालयात. तेव्हा ‘खाजगी’ हा शब्द ऐकताच अंगावर झुरळ पडल्यासारखे करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की भार कोणी उचलायचा आणि अधिकार कोणाच्या हाती राहायचा.

त्या परिषदेने सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा ठराव केला. हस्तोद्योगाच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन हळूहळू निघावे, अशी गांधीजींची अपेक्षा होती. प्रा. के. टी. शहा यांनी त्यावर तिथेच आक्षेप घेतले. तो वाद आजही करता येईल. परंतु पालकाच्या खिशात हात घालण्याचा विचार त्या स्वावलंबनात नव्हता.

आता 2012 चा कायदा पाहा. त्याने ‘स्वयंअर्थसहाय्यित’ शाळा आणल्या. 2017 साली विधिमंडळाने कंपन्यांनाही शाळा काढण्याची वाट मोकळी केली. या शब्दातील ‘स्वयं’ म्हणजे कोण? संस्था नव्हे, कंपनी तर नव्हेच. तो पालक आहे. वर्ध्यातून निघालेल्या स्वावलंबनाच्या विचाराचा हा विपर्यास आहे.

जुन्या भागीदारीतूनही शासन अंग काढत आले. काही शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ ठरवून परवानगी दिली गेली. 2009 साली ‘कायम’ हा शब्द वगळला, पण अनुदान मिळू लागले ते 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी. मधल्या काळात शिक्षकांनी वर्षानुवर्षे पगाराविना वर्ग सांभाळले आणि आझाद मैदानावर उपोषणे केली.

अनुदानित संस्थाही सर्वच धुतल्या तांदळासारख्या नाहीत, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शासनाचा पैसा आणि घराण्याची मालमत्ता यांतील रेघ अनेकांनी पुसली. मात्र त्यावरचा उपाय अनुदान तोडणे हा नव्हे. हिशेब लोकांपुढे मांडणे हा आहे.

सर्वांत मोठी फट वेगळीच आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. खाजगी शाळेत 25 टक्के राखीव जागेवर शिकलेले शेतमजुराचे मूल आठवी संपताच फी भरा किंवा शाळा सोडा, या पेचात सापडते. माध्यमिक शिक्षणाचा उंबरठा जिथे येतो, नेमका तिथे हक्क संपतो आणि बाजार सुरू होतो.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: शिक्षणाचा हक्क बारावीपर्यंत वाढवा, पात्र शाळांना पूर्ण अनुदान द्या, ज्या संस्थेला सार्वजनिक पैसा किंवा जमीन मिळते, तिचे हिशेब आणि नेमणुका गावासमोर ठेवा.

साथींनो, आर्वी, कारंजा, समुद्रपूर, हिंगणघाट, जिथे आपण जाल तिथे आठवीनंतर किती मुली घरी बसल्या याची घरोघर जाऊन नोंद करा. आपल्या मागणीचे बळ त्या नोंदवहीत असेल.