सुख, आरोग्य आणि आशा



देवापुढे हात जोडून उभा राहिलेला मनुष्य बहुधा तीन गोष्टी मागतो : घरात सुख असावे, शरीरास आरोग्य लाभावे आणि उद्याचा दिवस आजच्याहून बरा उगवावा. यांतील एकही मागणी अयोग्य नाही. परंतु देवळातील गाऱ्हाणे एकट्याचे नसते. ते साऱ्या मेळाचे, साऱ्या गावाचे असते. पूर्वजांनी घालून दिलेल्या या रीतीत मोठे शहाणपण आहे. सुख एका घरापुरते मागता येते, परंतु एका घरापुरते राखता येत नाही. याचे प्रत्यंतर पाहावयाचे तर सुरत शहराकडे पाहावे.

मराठी माणसास सुरत परकी नाही. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर तेथे शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहता प्रभृती स्नेह्यांसमवेत त्यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापन केली. मनुष्यजात एक आहे आणि माणसाची योग्यता कुळावरून नव्हे, गुणांवरून ठरावी, हा त्या सभेच्या विचाराचा गाभा होय. बरोबर दीडशे वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच शहरात माणसाच्या गुणांची कठोर परीक्षा झाली.

त्या वर्षी पावसाळ्यात तापीला पूर आला. पाणी ओसरले, पण चिखल आणि कचरा वस्त्यांतून तसाच राहिला. सप्टेंबरात फुप्फुसाच्या प्लेगाची वार्ता पसरली आणि काही दिवसांत लक्षावधी लोक शहर सोडून निघाले. हिऱ्यांचे कारखाने थांबले, यंत्रमाग मुके झाले. पोटासाठी खानदेशातून तेथे गेलेली कुटुंबेही मुलेबाळे घेऊन गावाकडे परतली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानांपुढे झुंबड उडाली. वस्तुतः रोगावर औषध होते. वेळीच दिल्यास तो बरा होत होता. साऱ्या देशात मिळून मृत्यूंची अधिकृत संख्या साठीच्या आत राहिली. रोगाहून भय अधिक वेगाने धावले, असे म्हणावयास हरकत नाही.

या पळणाऱ्यांना दोष द्यावा काय? तान्हे मूल छातीशी धरून गाडीत शिरणाऱ्या मातेस कोण दोष देईल? भय हा मनुष्यस्वभाव आहे, ते पाप नव्हे. परंतु पळणाऱ्यांत काही खाजगी दवाखान्यांचे डॉक्टरही होते, आणि येथे मन थबकते. ज्याच्या हाती औषध आहे त्याचे जाणे आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याचे जाणे, ही दोन्ही सारखी नव्हेत. त्याच वेळी सरकारी रुग्णालयात डॉक्टर व परिचारिका रुग्णांच्या उशाशी उभे होते, आणि सफाई कामगार गल्ल्यांतील घाण उपसत होते. भय त्यांनाही वाटले असेलच. त्यांनाही घरे होती. भय वाटूनही जो अंगीकारलेले काम सोडत नाही, तोच गुणाने मोठा. दादोबांच्या सभेने योग्यतेची जी कसोटी सांगितली, ती हीच.

पुढचा भाग आशेचा आहे. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना खोलीतून उठवून रोज सकाळी रस्त्यांवर, वस्त्यांवर पाठविले. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले, घाण करणाऱ्यास दंड झाला, अतिक्रमणे पाडताना मालकाचा मोठेपणा पाहिला गेला नाही. १९९६ मध्ये, म्हणजे प्लेगानंतर दोनच वर्षांत, सुरतेची गणना चंडीगढखालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर म्हणून झाली. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात तर इंदूरच्या बरोबरीने तिने प्रथम स्थान मिळविले. माणसे तीच, नदी तीच. बदलली ती रोजची वागणूक.

म्हणून आशा म्हणजे हात जोडून वाट पाहणे नव्हे. काल केलेले काम आज पुन्हा निष्ठेने करणे, हे आशेचे खरे रूप होय. आरोग्य हेदेखील केवळ स्वतःच्या शरीराचे नसते; शेजाऱ्याच्या गटारात ज्याचा उगम होतो, तो रोग कुंपण पाहून थांबत नाही.

महाजन मंडळींनी या कथेतून आपल्यापुरता बोध घ्यावा. महाजनकी हा हक्क आहे, तसेच ते अंगीकारलेले कामही आहे. जत्रेच्या दिवशी पालखीला खांदा देण्यास पुष्कळ हात पुढे येतात. जत्रा संपल्यावर प्राकार झाडण्यास, तळीतील शेवाळ काढण्यास, अग्रशाळेत आजारी पडलेल्या यात्रिकाची विचारपूस करण्यास किती हात उरतात, यावर देवस्थानचे आरोग्य अवलंबून आहे. गाऱ्हाण्यात साऱ्यांचे क्षेम मागावयाचे आणि घरी जाऊन केवळ स्वतःचे पाहावयाचे, हे देवास फसविणे नव्हे. ती स्वतःचीच फसवणूक होय.

साऱ्यांना सुख लाभो, आणि ते सुख साऱ्यांचे राखण्याचे बळही लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.