जखम भरत नाही तेव्हा

(नाशिक येथे वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा वर्षं कौटुंबिक सल्ला केंद्रात बसते. तिथे एक बाई यायची. पायावर उकळता चहा सांडला होता. सांडला की कुणी ओतला, हे तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं. दोन महिने जखम भरेना. साखर तपासली, ठीक होती. दवाखान्यात म्हणाले, "मनाला लावून घेता, बाकी काही नाही." ती मला म्हणाली, "ताई, मन काय पायात असतं का?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले, आणि उत्तर सापडलं ते असं, की थोडंफार असतं.

मिरचीपासून सुरू करू. नंदुरबारकडे बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. संध्याकाळी हात भगभगतात, लाल होतात. जखम नाही, जंतू नाही, मग लाली कुठून आली? मिरचीतला तिखट पदार्थ कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतो. ती टोकं मेंदूकडे आगीची खबर धाडतात, आणि त्याच वेळी तिथल्या तिथे काही रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे प्रथिनाचे अगदी छोटे तुकडे, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्यातलं एक 'सबस्टन्स पी', अवघ्या ११ कड्यांची साखळी. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, सूज येते, रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात. म्हणजे नस फक्त निरोप्या नाही, ती संरक्षणाच्या पेशींना हाकही मारते.

हे द्रव्य १९३१ साली सापडलं होतं, पण शुद्ध रूपात हाती येत नव्हतं. १९७० च्या सुमारास सुझन लीमन या बाईंनी ते वेगळं केलं. खरं तर त्या शोधत होत्या दुसरंच काही. उंदरांना लाळ का सुटते आहे, याचा माग काढता काढता हे सापडलं. इतिहासात अशा बायकांची नावं आपणच आठवणीने घ्यायची.

जिथे नस मरते तिथे काय होतं, ते कुष्ठरोगात दिसतं. बधिर पायाला दुखत नाही म्हणून जखम चिघळते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण अशा कातडीत ही पेप्टाइडंही कमी झालेली आढळतात, म्हणजे हाक मारणारंच कुणी उरत नाही. (याच रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागता येत असे. ती तरतूद २०१९ साली रद्द झाली.)

आता भीतीकडे येऊ. दारावर त्याच्या चपलांचा आवाज आला की छातीत धस्स होतं. मेंदूच्या तळाशी एक पेप्टाइड सुटतं, ते खालच्या ग्रंथीतून दुसरं सोडवतं, ते रक्तातून मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत जातं आणि तिथून कॉर्टिसोल पाझरतं. प्रसंग घडीभराचा असेल तर हे उपयोगाचं आहे. पण रोज, वर्षानुवर्षं चाललं की प्रतिकाराची घडी विस्कटते.

अमेरिकेत ओहायो इथे जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली १३ बायका पाहिल्या, घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं सगळं करणाऱ्या. हातावर मुद्दाम केलेली साडेतीन मिलिमीटरची जखम भरायला त्यांना इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. पुढे २००५ साली ४२ जोडपी पाहिली. ज्यांच्या बोलण्यात वैर जास्त, त्यांच्या जखमा सावकाश भरल्या. आणखी एका अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ऑक्सिटोसिन जास्त त्यांच्या जखमा लवकर भरल्या. हेही पेप्टाइडच. बाळ पाजताना पान्हा फुटतो तो याच्याच जोरावर.

इथे मला सावध करायचंय. अभ्यास लहान आहेत, आणि यातून एखादी सासू "मग भांडू नकोस, गप्प बस" असा अर्थ काढेल. हल्ली 'मन प्रसन्न ठेवा, रोग पळवा' अशी महागडी शिबिरंही निघतात. मला त्यांचा राग येतो, कारण जखम भरली नाही तर दोष पुन्हा तिचाच. ताण तिने 'घेतलेला' नसतो, तिच्यावर लादलेला असतो.

म्हणून दोन गोष्टी एकत्र करा. न भरणाऱ्या जखमेची साखर, हिमोग्लोबिन, बधिरपणा आधी तपासून घ्या. "टेन्शन आहे" म्हणून तपासणी टाळू देऊ नका. आणि त्याच भेटीत, सोबतच्या माणसाला बाहेर बसवून, विचारा: घरी कोण मारतं का? झोप लागते का? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' यांनी सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राने रुग्णालयातच हा प्रश्न विचारायची सोय केली. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात अशी एक खोली, एक पडदा, एक बाक मागायला काय हरकत आहे?

त्या बाईला मी शेवटी हे सगळं सांगितलं, मिरचीसकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हे त्या डॉक्टरला कागदावर लिहायला सांगा ना." आम्ही दोघी गेलो. चहा ओतल्याचं केसपेपरवर लिहून घ्यायला दीड तास लागला.