पंचेश्वरास निघण्यापूर्वी

आपल्या ज्ञातीतील काही तरुण मंडळी प्रथमच गळाने महसीर धरण्यास उत्तराखंडात, काली व सरयू यांच्या संगमावरील पंचेश्वरास, जाऊ इच्छितात. त्यांच्या उत्साहाचे आम्ही कौतुक करतो. परंतु गळाआधी परवाना घ्यावा, हे प्रथम सांगतो. तेथे काली नदी हीच नेपाळची सीमा आहे.

वरच्या खोऱ्यात पाऊस झाला, की डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही पाणी चढते. म्हणून तंबू वाळवंटात न ठोकता उंचवट्यावर ठोकावा. शिधा, औषधे व काड्यापेटी मेणकापडात बांधावी. पाणी उकळून प्यावे. एकट्याने प्रवाहात उतरू नये. कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे घरी लिहून ठेवावे. अन्यथा शोधास निघणाऱ्यांनी कोठे जावे?

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०१८ साली सोनेरी महसीर संकटग्रस्त ठरविला आहे. म्हणून उलटा दात नसलेला गळच न्यावा आणि ओल्या हातांनी, पाण्यातच, मासा मोकळा करावा. महाड तालुक्यातील वाळणकोंडीत याच कुळातील माशांना आपले लोक देवाचे मानून अभय देतात. तोच संस्कार शिदोरीबरोबर न्यावा. मासा नदीत राहावा व मुले सुखरूप घरी यावीत, एवढीच आमची इच्छा.