शय्याव्रण आणि आपली माया



साधू-साध्वींची वैयावच्च आपणांस नवी नाही. मात्र जुन्नर, मंचर वा घोडेगावच्या रुग्णालयात घरच्याच रुग्णापाशी बसलो, की ‘आत्ताच डोळा लागलाय, हलवू नका,’ असे आपण मायेने म्हणतो. त्या मायेपोटीच माकडहाडावर शय्याव्रण होते! सततच्या दाबाने त्वचेचा रक्तपुरवठा खुंटतो. लालसर डाग बोटाने दाबूनही फिका पडला नाही, तर ती सुरुवात जाणावी. सावळ्या कांतीवर लाली सहसा दिसत नाही, तेथे हाताला ऊब वा टणकपणा लागतो. परिचारिकेस तत्काळ दाखवावे, चोळू मात्र नये. तिच्या सल्ल्याने साधारण दर २ तासांनी कूस बदलावी. रुग्णास ओढू नये, चादरीसह उचलावे. हवेची गादी आणली तरी हे काम टळत नाही. कोणत्या कुशीवर किती वाजता निजविले, ते उशाशी कागदावर लिहून ठेवावे. रात्री पाळीवर येणाऱ्यास विचारावे लागत नाही.