‘आ रहा हूँ’: गेममधली पात्रं आणि आपण

(लोणी काळभोर येथे झालेल्या युवक-युवतींच्या बैठकीतील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी भाषणं करणारा माणूस नाही. दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी सोलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘गेम’ म्हणालो. त्यावर एक ज्येष्ठ म्हणाले, “म्हणजे मोबाइलचं व्यसन का?” नाही. व्यसनावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते गेममधल्या पात्रांबद्दल. कंपनी एक पात्र बनवते, कुणी पुरुष, कुणी बाई. मग खेळणारी पोरं-पोरी त्या पात्राचं स्वतःच्या मनाप्रमाणे काहीतरी वेगळंच करतात. चित्र काढतात, कपडे शिवून घालतात, नाव बदलतात, कधी त्याला बाईचा पुरुष किंवा पुरुषाची बाई करतात. असं का करतात, आणि आपल्या घरात कुणी केलं तर आपण काय करतो? या दुसऱ्या प्रश्नात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आज सांगणार आहे.

सुरुवात इथूनच करतो. मी शाळेत असताना लोणी स्टेशनच्या बाजूला एका पत्र्याच्या गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लर होतं. बाहेर टँकरची रांग, आत तीन टीव्ही, पाच रुपयांत पंधरा मिनिटं. खेळ एकच, ‘टेकन ३’. हा गेम १९९७ चा, पण आमच्यापर्यंत यायला तीन-चार वर्षं लागली. सगळी पोरं एडी गोर्डो घ्यायची. त्याचं कारण साधं होतं. एडीला खेळायला काही यावं लागत नाही. कुठलंही बटण दाबा, तो नाचत नाचत लाथा मारतो. मी मात्र लिंग शियाओयू घ्यायचो. दोन वेण्या घातलेली शाळकरी चिनी मुलगी. ती पाठ फिरवून उभी राहते आणि समोरच्याला कळायच्या आत मारते. मला ते फार आवडायचं. पोरं म्हणायची, “हा बघ, बायल्या!” मी म्हणायचो, “जिंकतोय ना?” पण खरं सांगू, निव्वळ जिंकायचं म्हणून मी ती घेत नव्हतो. ती घेतली की मला हलकं वाटायचं. तेव्हा याला शब्द नव्हता. आजही नेमका नाही.

ही गोष्ट मी पुढे घरात गंमत म्हणून शंभर वेळा सांगितली. ती माझ्यावरच उलटणार होती.

आता २०२१. पबजी २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला होता आणि २०२१ च्या जुलैमध्ये ‘बीजीएमआय’ नावानं परत आला. माझी भाची तेव्हा अकरावीत. कॉलेज मोबाइलवर चालू होतं आणि गेमही त्याच मोबाइलवर. तिनं पात्र पुरुषाचं निवडलं होतं, नावही एका पोराचं. माइक कायम बंद. का, ते तुमच्यातल्या मुलींना सांगायला नको. माइक सुरू केला आणि आवाज मुलीचा निघाला की पुढच्या दोन मिनिटांत काय काय ऐकावं लागतं, ते त्यांना ठाऊक आहे. म्हणून ती टाइप करायची. टाइप करताना लिहायची, “आ रहा हूँ.”

रही नाही, रहा. इंग्रजीत ‘कमिंग’ लिहिलं की लपता येतं. आपल्या भाषा लपू देत नाहीत. मराठीत तर ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे एका मात्रेवर ठरतं. टाइप करताना प्रत्येक वाक्याला ती पोरगी आधी एक निर्णय घेत होती.

एके दिवशी तिच्या वहीत मला चित्र दिसलं. तिचं ते गेममधलं पात्र. दाढीचे खुंट, छाती रुंद, खांद्यावर बंदूक. पण हेल्मेटखाली माझ्या आपाचा, म्हणजे तिच्या अम्मीचा, हिरवा दुपट्टा, मानेपर्यंत नीट पिन लावलेला. बंदूक धरलेल्या दोन्ही हातांवर मेंदी. काय सुंदर मेंदी काढली होती! मला मात्र राग आला. मी विचारलं, “हे काय आहे? बाई आहे का माणूस?” ती सहज म्हणाली, “मामू, आप भी तो लडकीच लेते थे ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मोठी माणसं जे करतात ते मी केलं. आपाला जाऊन सांगितलं की पोरगी पोराच्या नावानं खेळते आणि असली चित्रं काढते. मोबाइल काढून घेतला गेला. मोबाइलबरोबर कॉलेजही गेलं. जवळजवळ दोन महिने तिचे तास बुडाले. हे माझ्यामुळे झालं.

नंतर मी वाचायला लागलो. थोडं अपराधी वाटत होतं म्हणून, आणि थोडं माझ्या धंद्यातला विषय आहे म्हणून. आणि लक्षात आलं की माझ्या भाचीनं काही जगावेगळं केलं नव्हतं.

‘पॅक-मॅन’ सगळ्यांना माहीत आहे, पिवळा गोळा. अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीतल्या पोरांनी मूळ कंपनीला न विचारता त्या गेमची सुधारलेली आवृत्ती बनवली. तीच पुढे १९८२ मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ म्हणून आली. गोळ्याला एक रिबन, ओठांना लाली, झाली बाई. म्हणजे व्हिडिओ गेममधली एक अतिशय गाजलेली नायिका बाहेरच्या लोकांनी केलेल्या बदलातून जन्मली.

दुसरी गोष्ट मला इंजिनिअर म्हणून जास्त आवडते. माइक हॉय नावाचा कॅनडातला एक प्रोग्रामर २०१२ मध्ये आपल्या लहान मुलीबरोबर ‘झेल्डा’ मालिकेतला ‘द विंड वेकर’ खेळत होता. त्यातला नायक लिंक हा मुलगा आहे. मुलीला वाचून दाखवताना बाप प्रत्येक वेळी ‘तो’चं ‘ती’ करायचा. शेवटी कंटाळला आणि गेमची फाइल उघडून सगळे संवादच बदलले. अडचण अशी की त्या फाइलमध्ये शब्दाची लांबी बदलली तर सगळं कोसळतं. त्यामुळे जितकी अक्षरं काढली तितकीच भरायची. एकेका शब्दासाठी त्यानं डोकं खाजवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत माइक मिका या बापानं ‘डाँकी काँग’ बदलून दिला. त्याच्या छोट्या मुलीला नायिकेनं मारिओला वाचवायला हवं होतं.

हे वाचताना मी एक गोष्ट मोजून पाहिली. संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह साधारणपणे तीन बाइट घेतं. ‘रहा’ नऊ बाइट. ‘रही’ही नऊ. ‘आलो’, ‘आली’, ‘आले’, सगळे नऊ. ‘तो’ सहा, ‘ती’ सहा. म्हणजे त्या कॅनडावाल्याला जी कसरत करावी लागली ती मराठीत करावी लागली नसती! मशीनला काहीच फरक पडत नाही. पडला तो मला.

आता आपल्या कामाची उदाहरणं. मलेशिया आणि इंडोनेशियात मुस्लिम मुली गेम आणि कार्टूनमधल्या पात्रांसारखी वेशभूषा करतात. त्याला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. पात्राचे केस निळे असतील तर हिजाब निळा. तो असा दुमडायचा की कपाळावरची झुलपं, बाजूच्या वेण्या, सगळं कापडातच दिसावं. कंपनीनं तोकड्या कपड्यांत उभी केलेली नायिका या मुली स्वतःच्या बेतानं पुन्हा शिवतात, आणि त्यात कारागिरी असते. ‘हिजाब घातला तर कॉस्प्ले कसलं’ म्हणणारे आहेत आणि ‘कॉस्प्ले केलं तर हिजाब कसला’ म्हणणारेही आहेत. दोन्हीकडून टोमणे. हे आपल्याला नवीन नाही.

कमला खान अनेकांना ठाऊक असेल. जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची मुलगी, मार्व्हलची ‘मिस मार्व्हल’. २०१४ मध्ये तिची स्वतःची कॉमिक मालिका सुरू झाली आणि २०२० मधल्या ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ गेमची कथा तिच्याच भोवती फिरते. मजा म्हणजे कमला स्वतः आधी फॅन आहे. आपल्या आवडत्या हिरोंवर मनानं गोष्टी रचून लिहिणारी. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बसगाड्यांवर इस्लामविरोधी जाहिराती लागल्या होत्या, तेव्हा काही लोकांनी त्यांच्यावर कमलाची चित्रं चिकटवली. फॅनचं चित्र कुठपर्यंत जाऊ शकतं त्याचं हे उदाहरण.

आणि एक जरा अवघड उदाहरण. ‘गिल्टी गिअर’ नावाचा जपानी मारामारीचा गेम आहे. त्यात २००२ मध्ये ब्रिजेट नावाचं पात्र आलं. तिच्या गावात जुळे मुलगे अपशकुनी समजतात, म्हणून त्यातल्या एकाला मुलगी म्हणून वाढवलेलं. वीस वर्षं खेळणारे भांडत राहिले, ती की तो? कित्येकांना हे पात्र चेष्टेचा विषय वाटलं, आणि काहींना त्यात स्वतःचं तोंड दिसलं. २०२२ मध्ये मालिकेच्या नव्या गेममध्ये ब्रिजेट स्वतःच म्हणते की मी मुलगी आहे. माणसाची लिंगओळख कुणी ठरवायची, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला आहे. ती ज्याची त्यानं ठरवायची. आपल्या गल्लीत मात्र काजळ घालणाऱ्या पोराला अजून कुठल्या शब्दानं हाक मारतात ते मी इथं उच्चारत नाही. माझ्या भाचीचा प्रश्न ब्रिजेटचा नव्हता, हेही सांगतो. तिला मुलगा व्हायचं नव्हतं. तिला शिव्या न खाता खेळायचं होतं आणि तरी आपली मेंदी सोडायची नव्हती. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पण मी दोन्हींना एकाच काठीनं मारलं असतं.

कुणी म्हणेल, ही सगळी बाहेरची खुळं. तर आपल्या दख्खनची एक बाई आठवू या. अहमदनगरची चांदबीबी. १५९५-९६ मध्ये तिनं मुघल फौजेसमोर किल्ला लढवला आणि १६०० च्या सुमारास ती तिच्याच माणसांकडून मारली गेली. तिची चित्रं तुम्ही पाहिली असतील. धावता घोडा, हातावर ससाणा, मागं-पुढं सेवक. त्यातली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधली चांदबीबी साधारण १७०० सालची आहे. म्हणजे चितारणाऱ्यानं तिला पाहिलेलंच नाही. शंभर वर्षं लोकांच्या तोंडी राहिलेली बाई त्यानं काढली, आणि काढली कशी, तर सुलतान शिकारीला निघाल्यासारखी. ससाणा आणि घोडा हा राजांच्या चित्रातला थाट. तो बाईला दिला. दख्खनी चितारी पुढेही हीच चांदबीबी पुन्हा पुन्हा काढत राहिले. आजच्या भाषेत याला ‘फॅन आर्ट’ म्हणतात. त्याच दख्खनमध्ये, १७ व्या शतकात, विजापूरचा हाशमी हा शायर बाईच्या आवाजात, बाईच्या बोलीत शायरी करत होता.

आणि लोणीत तर दरवर्षी तुकोबांची पालखी मुक्कामाला असते. भारुडात एखादा मिशीवाला बाप्या नऊवारी नेसून, पदर सावरत उभा राहतो. आपण, म्हणजे सगळं गाव, हसतो, ऐकतो, पाणी देतो. ‘बाई आहे का माणूस’ असं कुणी विचारत नाही. बालगंधर्वांची साडी नेसायची आणि केसांत फूल माळायची ढब तर घराघरातल्या बायकांनी उचलली. बाईपण पुरुषाकडून शिकल्या म्हणा ना! हे सगळं चालतं. अकरावीतल्या मुलीच्या वहीत आलं की चालत नाही.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच बोलतो. चित्र काढणं दीनमध्ये चालतं का? मी आलिम नाही, फतवा देणार नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी मला दीन आठवला नव्हता. मी स्वतः लग्नात फोटो काढतो, माझ्या मोबाइलमध्ये हजारो चित्रं आहेत. मला खुपलं होतं ते बंदुकीवरच्या हातांवरचं मेंदीचं नक्षीकाम. दीनचं नाव मी नंतर घेतलं, आपाला पटवून द्यायला. आपल्यापैकी किती जण हे करतात ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

गेम फार थोर असतात असं मी म्हणत नाही. बहुतेक कंपन्यांना तुमच्या अब्बांचं क्रेडिट कार्ड हवं असतं आणि बाईचं पात्र अजूनही गिऱ्हाईक खेचायला वापरतात. पण चित्र बदलतंय, आणि आपल्याच शहरात बदलतंय. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला. त्यातली नायिका सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे, भावाला सोडवायला निघालेली. कथेचे प्रसंग कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखे. असे गेम बनवायला चितारी लागतात, कथा लिहिणारे लागतात. ती माणसं वहीतच तयार होतात.

भाची आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तिची माफी मागितली, पण उशिरा. ती म्हणाली, “ठीक है मामू.” तुम्हाला ‘ठीक है’चे किती अर्थ होतात ते माहीत आहे. मध्यंतरी बराच काळ तिनं काहीच काढलं नाही. आज इथं बोलायच्या आधी मी तिला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? तिनं मेसेज केला, “बता दो. पर ड्रॉइंग मत दिखाना, वो मेरी है.”

म्हणून ते चित्र मी आणलेलं नाही. मागच्या टेबलावर कोरे कागद आणि स्केचपेन ठेवलेत. चहा होईपर्यंत अर्धा तास आहे. आपापलं पात्र काढा, हवं तसं. नाव घालायची सक्ती नाही, आणि कागद घरी नेला तरी चालेल.