जामीन मिळाला, सुटका नाही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



मला 'कायदा आणि गरीब स्त्री' या विषयावर बोलायला सांगितलंय. कलमं समजावून द्यायला वकीलताई दुपारी येणारच आहेत. मी वकील नाही. एम.एस.डब्ल्यू. झाले आणि गेली नऊ वर्षं आठवड्यातून दोन दिवस एका तुरुंगाच्या बायकांच्या बराकीत जाते. तेव्हा बराकीतून जेवढा कायदा दिसतो तेवढाच मी सांगणार आहे.

2022 सालची गोष्ट. तिचं नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आसपास, दुष्काळात नवऱ्याबरोबर मराठवाड्यातून शहरात आलेली, चार घरची धुणीभांडी करणारी. त्यातल्या एका घरातली सोन्याची साखळी हरवली. पोलीस हिला खोलीवरून घेऊन गेले. साखळी हिच्याकडे सापडली नाही. पण घरात मोलकरीण आहे म्हटल्यावर दुसरीकडे बघायची गरजच कुणाला वाटत नाही.

इथे कायद्याची एक गंमत ऐका. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा होती. नोकराने मालकाच्या मालमत्तेची चोरी केली तर सात वर्षं. इंग्रजांनी 1860 साली केलेल्या दंडसंहितेत हे होतं, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही नोकराच्या चोरीला सात वर्षं आहेतच. आता उलटं बघा. मालकिणीने दोन महिन्यांचा पगार बुडवला तर? ती चोरी नाही. तो 'व्यवहार'. तुमच्यातल्या ज्या मोलकरीण संघटनेत काम करतात त्यांना माहीत आहे, पगार बुडाला म्हणून चौकीत गेलं की काय उत्तर मिळतं ते.

हिला वकील मात्र मिळाला. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा 1987 साली झाला, अंमलात यायला नोव्हेंबर 1995 उजाडला. त्यात कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. तुरुंगातल्या कुणालाही आहे. पुष्कळ कार्यकर्त्यांनाही हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. तर, वकील हिला एकदाच भेटला, पण त्याने अर्ज बरा केला आणि विसाव्या दिवशी जामीन मंजूर झाला. पंधरा हजारांचा, एक जामीनदार. मी बराकीत जाऊन तिला सांगितलं, बाई, सुटलीस. तिने लगेच पिशवी भरून ठेवली.

त्यानंतर ती चार महिने अकरा दिवस आत होती.

जामीन मिळणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलाही कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. जामीनदार म्हणजे ज्याच्यापाशी कागद आहेत असा माणूस. नवरा बिगारी, खोली भाड्याची, रेशनकार्ड गावचं. गावी भावाच्या नावावर दीड एकर कोरडवाहू. तो तीन दिवसांची मजुरी सोडून, एस.टी.चं भाडं खर्चून सातबारा घेऊन आला. कोर्टात सांगितलं, परजिल्ह्यातला चालत नाही; चालवायचा असेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणा. भाऊ परत गेला. दाखल्याला तलाठ्यापासून सुरुवात. तो दाखला काही आला नाही. कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर धंदेवाईक जामीनदार उभेच असतात. पाच हजार द्या, काम होतं. आम्ही ते केलं नाही. तत्त्व म्हणून केलं नाही. त्या तत्त्वाची किंमत तिने आत भरली, हेही कबूल करायला हवं. रोख रकमेवर सोडा असा अर्ज केला. त्यावर दोन तारखा गेल्या. एका तारखेला तिला कोर्टात आणायला पोलीस पार्टीच मिळाली नाही. शेवटी अर्ज नामंजूर.

या चार महिन्यांत चारही घरची कामं जाऊ नयेत म्हणून तिची मुलगी आईच्या जागी भांडी घासायला लागली. नववीत होती. एका घराने ठेवलं, तीन घरांनी चोराची पोर नको म्हटलं.

मला शिकताना वाचलेला एक खटला आठवायचा. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गवंडी. सुप्रीम कोर्टाने जामिनावर सोडायला सांगितलं, मॅजिस्ट्रेटने रक्कम ठरवली दहा हजार, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. गवंडी पुन्हा सुप्रीम कोर्टात गेला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं, आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर कडक ताशेरे मारले. साल 1978. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून खटला झाला. बिहारच्या तुरुंगांत, दोषी ठरले असते तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ माणसं खटल्याची वाट बघत पडली होती. काही बायका तर आरोपीसुद्धा नव्हत्या. गुन्हा त्यांच्यावर झालेला, किंवा त्या साक्षीदार, म्हणून 'संरक्षणासाठी' त्यांनाच आत ठेवलेलं.

आपल्या मुंबईचं सांगायचं तर शीला बारसे या पत्रकार बाईंनी तुरुंगातल्या बायकांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. पंधरापैकी पाच जणींनी सांगितलं होतं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. कोर्टाने खरं-खोटं बघायला कुणाला पाठवलं माहीत आहे? निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना. एका समाजकार्यवालीला! 1983 च्या त्या निकालात बायकांसाठी वेगळी कोठडी, बाई पोलीस, अटक झाल्याबरोबर कायदा मदत समितीला कळवणं, हे सगळं आलं. आमच्या धंद्यातल्या मुली तुरुंगात जायला कचरतात तेव्हा मी त्यांना हे सांगते.

म्हणजे कागदावर गरिबाला न्याय कधीचा दिलेला आहे. पुन्हा पुन्हा दिलेला आहे. 26 नोव्हेंबर 2022 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सुप्रीम कोर्टाच्या समारंभात लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून गरीब कैद्यांबद्दल बोलल्या. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने हुकूम काढला: जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करता येतील का हे कोर्टाने स्वतःहून बघायचं, स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरायचा नाही. जामीन मंजूर होऊनही आत असलेल्या देशभरातल्या सुमारे 5,000 माणसांची माहिती तेव्हा पुढे आली. त्याच वर्षी केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजना आली. योजना आली तेव्हा जिल्ह्याच्या समितीमार्फत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम मिळू शकत होती. चांगलंच आहे. पण मागच्या महिन्यात मी एका बराकीत विचारलं, हे कुणाला माहीत आहे? बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. 2022 अखेर देशातल्या दर शंभर कैद्यांत पंचाहत्तरहून जास्त कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचा आहे असे.

आता दुसरी बाजू. 2002 च्या सप्टेंबरात वांद्र्याला एका बेकरीसमोर फूटपाथवर झोपलेल्या कामगारांवर गाडी गेली. एक मेला, चार जखमी झाले. आरोपी मोठा सिनेनट. खटला रेंगाळत रेंगाळत तेरा वर्षं चालला. 6 मे 2015 ला सेशन्स कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा सांगितली, आणि त्याच संध्याकाळी हायकोर्टातून दोन दिवसांचा अंतरिम जामीन मिळाला. का मिळाला? तर निकालाची पूर्ण प्रत अजून हातात आली नव्हती. डिसेंबरात हायकोर्टाने पुरावा पुरेसा नाही म्हणून निर्दोष सोडलं. तो निकाल बरोबर की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. मला ती संध्याकाळ महत्त्वाची वाटते. निकालाची प्रत नाही म्हणून एक माणूस घरी गेला. माझ्या बराकीत निकालाची प्रत नाही म्हणून बाया आत राहतात, कारण प्रतीशिवाय अपील होत नाही. कारण तेच, तंतोतंत तेच. आणि त्या खटल्यात पहिली फिर्याद देणारा पोलीस शिपाई? त्याची नोकरी गेली, 2007 साली शिवडीच्या हॉस्पिटलात टीबीने वारला.

इथपर्यंत तुम्ही सगळ्याजणी माना डोलावताय. पुढचं जरा जड जाईल.

आपली चळवळ एका गरीब मुलीच्या खटल्यातूनच उभी राहिली. मथुरा. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली तिच्यावर बलात्कार झाला, हायकोर्टाने पोलिसांना दोषी धरलं, 1978 साली सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी उघडं पत्र लिहिलं आणि आपण रस्त्यावर आलो. मथुरा आपली, यात कुणाला शंका आली नाही. पण मोलकरीण चोरीच्या आळात आत गेली की ती आपली असते का? दारू गाळताना धरलेली? सुनेने मरताना नाव घेतलेली सासू? आपण पीडित बाईच्या मागे उभं राहायला शिकलो. आरोपी बाई आली की आपण म्हणतो, प्रकरण तपासावं लागेल.

आणि मोर्चात आपण घोषणा देतो, 'जामीन देऊ नका'. मीही दिल्या आहेत. अत्याचार करणारा माणूस दुसऱ्या दिवशी गल्लीत मिशीला पीळ देत फिरतो तेव्हा बाईचं काय होतं ते मी पाहिलंय. तरी बराकीत गेल्यापासून माझा आवाज तिथे अडखळतो. जामीन कडक केला की बंगल्यातला सुटतोच, त्याला वरच्या कोर्टाचा रस्ता माहीत असतो. कडकपणा खाली उतरतो आणि खालीच थांबतो. माझी एक सहकारी म्हणते, तू कैद्यांची बाजू घ्यायला लागलीस. असेल. आमचं भांडण मिटलेलं नाही, मिटवायची मला घाईही नाही. पीडित बाईला संरक्षण हवं, तर तेच मागूया: धमकी दिली की जामीन रद्द, गल्लीत यायला बंदी, पोलिसांची जबाबदारी. सरसकट कोंडून ठेवणं ही आपली मागणी असावी का, हे दुपारच्या गटचर्चेत बोला.

ती बाई शेवटी सुटली कशी, ते राहिलंच. आम्ही आपल्याच ओळखीतल्या, घर असलेल्या बायका शोधायला लागलो. अकरा जणींकडे गेले. सगळ्या चळवळीतल्या, कितीतरी वर्षांच्या. नऊ जणींचं घर नवऱ्याच्या नावावर निघालं. एकीचं दोघांच्या नावावर होतं, ती म्हणाली, ह्यांना विचारून सांगते. ह्यांनी नाही म्हटलं. अकरावी एक निवृत्त शिक्षिका, एकटी राहणारी, घरपट्टीची पावती तिच्या नावाची. ती माझ्याबरोबर कोर्टात दोन दिवस बाकावर बसली, तिसऱ्या दिवशी सही झाली. पाऊस होता. तुरुंगाच्या दारातून ती पिशवी घेऊन आली, शिक्षिकाबाईंकडे बघून म्हणाली, 'तुम्ही मला ओळखत नाही, तरी नाव दिलंत.' खटला अजून चालू आहे. ती एकही तारीख चुकवत नाही, बाईंचे पैसे बुडतील म्हणून. मुलगी शाळेत परत गेली नाही.

जरा हात वर करा बघू: इथे किती जणींच्या स्वतःच्या नावावर घर किंवा जमीन आहे?

सात.

बरं. सध्या बराकीत तीन बायका आहेत ज्यांचा जामीन मंजूर आहे आणि जामीनदार नाही. एकीजवळ दोन वर्षांचं मूल आहे. जामीन राहणं म्हणजे काय, ती तारखेला आली नाही तर तुमचे किती पैसे जाऊ शकतात, कागद कुठले लागतात, हे सगळं मी एका कागदावर लिहून आणलंय; न वाचता सही करू नका. त्या सात जणी जेवणाच्या सुट्टीत मला खिडकीजवळच्या टेबलापाशी भेटा. बाकीच्यांनी घरी जाऊन घरपट्टीची पावती कुणाच्या नावाची आहे ते बघा.